गिटारवरची स्वाक्षरी

बँकेत काम करणाऱ्या माणसाला स्वाक्षरीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. धनादेश असो, पैसे काढण्याची स्लिप असो वा कर्जाचा करारनामा असो, त्यातील मजकूर कितीही सुवाच्य असला तरी खाली स्वाक्षरी उमटेपर्यंत त्या कागदाला अर्थ प्राप्त होत नाही. ‘हे माझे आहे आणि याची जबाबदारी मी घेतो’ असे त्या दोन-चार वळणांतून माणूस सांगत असतो. परंतु स्वाक्षरी कागदाप्रमाणेच लाकडावरही असते, आणि तीसुद्धा काही सांगत असते, हे मला कळले ते एका खातेदारामुळे.

काही वर्षांपूर्वी माझी बदली शिलाँग येथील शाखेत झाली होती. पाश्चात्त्य संगीताचे वेड असलेले हे गाव. लू माजाव हे तेथील ज्येष्ठ गायक १९७२ पासून दरवर्षी २४ मे रोजी बॉब डिलन यांचा वाढदिवस गाण्यांनी साजरा करत आले आहेत. पाठीवर गिटारची काळी पिशवी अडकवलेली मुले-मुली पोलीस बाजारच्या चढावर नेहमी दृष्टीस पडत. अशीच पिशवी घेतलेला एक तरुण एके दिवशी माझ्यासमोर येऊन बसला. लहानपणी त्याने स्वतःच्या नावे खाते उघडले होते आणि पुढे त्यातच आवर्ती ठेव सुरू केली होती. ठेवीची मुदत पूर्ण झाली होती आणि तो नुकताच सज्ञान झाला होता. अडचण एवढीच होती, की स्लिपवरील ऐटदार स्वाक्षरीचा बाराव्या वर्षी गोल अक्षरांत लिहिलेल्या नावाशी काडीचाही मेळ बसत नव्हता. आवश्यक ती कागदपत्रे घेऊन नव्या नमुना स्वाक्षरीचे सोपस्कार आम्ही पूर्ण केले.

“एवढ्या पैशांचे काय करणार?” मी सहज विचारले.

“गिटार घ्यायची आहे, सर. लेस पॉल.”

“म्हणजे कंपनीचे नाव का?”

“नाही सर, माणसाचे नाव. गिटारच्या माथ्यावर त्यांची स्वाक्षरी असते.”

मला मोठे नवल वाटले. सहा वर्षे पै पै साठवून हा मुलगा वाद्य घेणार आणि त्यावर नाव मात्र दुसऱ्याच माणसाचे! तसे मी बोलूनही दाखवले. तो नुसता हसला आणि म्हणाला, “एकदा ऐकायला या, सर.”

या निमंत्रणापायी मी या विषयात शिरलो. ‘सिग्नेचर गिटार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाद्यांविषयी जे काही वाचले, ऐकले आणि पाहिले, ते आमच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आवाज पोहोचेना, तेव्हा

विद्युत गिटारचा जन्म एका साध्या अडचणीतून झाला. १९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिकेतील नृत्यगृहांत मोठमोठे वाद्यवृंद वाजत असत. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्या गजरात बिचाऱ्या गिटारचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोहोचत नसे. यावर उपाय निघाला तो चुंबकाचा. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे गुंडाळायचे आणि ते वेटोळे गिटारच्या पोलादी तारांखाली बसवायचे. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो, आणि तोच प्रवाह ध्वनिवर्धकातून मोठा होऊन बाहेर पडतो. या भागाला ‘पिकअप’ म्हणतात. जॉर्ज बोशाँ आणि अॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनी १९३१-३२ च्या सुमारास अशी पहिली यशस्वी गिटार सिद्ध केली. अॅल्युमिनियमची ओतीव, गोल अंगाची आणि लांब दांडीची ही हवाइयन गिटार इतकी विचित्र दिसे, की लोकांनी तिचे नाव ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळणीचा तवा, असे ठेवले. तिच्या रचनेचे पेटंट १९३७ मध्ये मिळाले.

आवाज मोठा झाला आणि दुसरी अडचण उभी राहिली. सभेत वक्त्याच्या हातातील माइक कर्ण्यासमोर आला की कानठळ्या बसवणारी किंचाळी उठते, हा अनुभव आपणा सर्वांना आहे. पोकळ गिटारचेही तेच होई. ध्वनिवर्धकाच्या आवाजाने तिची तबली थरथरे, तो थरथराट पुन्हा पिकअपमध्ये शिरे आणि सुरांऐवजी आक्रोश ऐकू येई.

विस्कॉन्सिन राज्यात १९१५ साली जन्मलेले लेस पॉल हे वादक या प्रश्नाने बेचैन होते. पोकळपणा हाच शत्रू असेल तर वाद्य भरीव का असू नये, असा त्यांचा सरळ विचार. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एपिफोन कंपनीच्या कारखान्यात, सुट्टीच्या दिवशी, त्यांनी चार इंच जाडीच्या चौकोनी लाकडी ओंडक्यावर दांडी, तारा आणि पिकअप बसवले. वाद्याचे नावही त्यांनी ‘लॉग’, म्हणजे ओंडका, असेच ठेवले. ओंडका वाजवला तेव्हा श्रोते विशेष खूश झाले नाहीत, म्हणून त्यांनी एका जुन्या गिटारचे दोन अर्धे तुकडे त्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे जोडले. वाद्य गिटारसारखे दिसू लागताच तेच श्रोते प्रसन्न झाले, असे ते मोठ्या मिश्किलपणे सांगत.

हा ओंडका घेऊन ते गिब्सन कंपनीकडे गेले, तेव्हा कंपनीने तो थट्टेवारी नेला. पुढे कॅलिफोर्नियातील रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ लिओ फेंडर, जे स्वतः गिटार वाजवत नसत, त्यांनी १९५० मध्ये भरीव अंगाची गिटार बाजारात आणली आणि ती खपू लागली. मग गिब्सनला लेस पॉल यांची आठवण झाली. १९५२ मध्ये सोनेरी रंगाची ‘लेस पॉल’ गिटार विक्रीस आली. वाद्यावर वादकाचे नाव घालण्याची कल्पना अगदी नवी नव्हती. गिब्सननेच १९२० च्या दशकाच्या अखेरीस निक लुकस या गायक-वादकाच्या नावाची साधी गिटार काढली होती. परंतु स्वाक्षरीच्या विद्युत गिटारची परंपरा रुजली ती येथून. या वाद्याच्या रचनेत लेस पॉल यांचा वाटा किती आणि कंपनीचे तत्कालीन प्रमुख टेड मॅकार्टी व त्यांच्या कारागिरांचा किती, याबद्दल जाणकारांत आजही मतभेद आहेत. करारावर एकाची स्वाक्षरी असली, तरी त्यामागे अनेकांचे हात असतात, हे बँकेतील माणसाला नवीन नाही.

या माणसाची वाद्याशी असलेली निष्ठा किती होती? जानेवारी १९४८ मध्ये झालेल्या मोटार अपघातात त्यांच्या उजव्या कोपराचा चुराडा झाला. हा सांधा पुन्हा हलणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा हात कायमचा अशा कोनात बसवा की गिटार धरता येईल, असे लेस पॉल यांनी त्यांना विनवले. तसेच केले गेले. वाद्य माणसासाठी घडवले जाते हे आपण ऐकतो. येथे माणसाने आपला हात वाद्याच्या मापाने घडवून घेतला. २००९ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

नाव देणे आणि नाव काढून घेणे

स्वाक्षरी देणारा जबाबदारीही घेत असतो, याचे उदाहरण याच वाद्याच्या इतिहासात सापडते. १९६१ मध्ये गिब्सनने या गिटारचा आकार पूर्णपणे बदलला. अंग पातळ झाले आणि दोन्ही बाजूंना टोकदार शिंगे आली. लेस पॉल यांना हे रूप रुचले नाही. पुढील दोन-तीन वर्षांत त्यांचे नाव त्यावरून उतरले आणि ती गिटार ‘एस. जी.’ या नावाने विकली जाऊ लागली. इकडे एरिक क्लॅप्टनसारखे इंग्रज तरुण वादक जुन्या, जड लेस पॉल गिटारमधून असा काही दाट आवाज काढू लागले, की लोक जुन्या गिटार शोधत फिरू लागले. अखेरीस १९६८ मध्ये कंपनीला मूळ आकार आणि मूळ नाव दोन्ही परत आणावे लागले.

चेट अॅटकिन्स यांची गोष्टही अशीच. १९५० च्या दशकाच्या मध्यास ग्रेच कंपनीने त्यांच्या नावाची नारिंगी गिटार काढली, तेव्हा तिच्यावर निवडुंग, बैलांची मुंडकी आणि डागणीचा ठसा अशी गुराख्यांच्या मुलुखातील नक्षी होती. अॅटकिन्स यांना ही सजावट पसंत नव्हती. पुढच्या काही वर्षांत ती एकेक करून नाहीशी झाली. सुरांशी ज्याचा संबंध नाही, ते आपल्या नावाखाली नको, असा हा आग्रह होता.

ब्लूजचे बादशहा बी. बी. किंग यांच्या ‘ल्युसिल’ची कथा तर अंगावर काटा आणणारी आहे. १९४९ च्या हिवाळ्यात अर्कान्सा राज्यातील ट्विस्ट या खेड्यात ते वाजवत होते. ऊब मिळावी म्हणून पिंपात रॉकेल पेटवलेले होते. दोन पुरुषांची मारामारी जुंपली, पिंप कलंडले आणि सारी इमारत पेटली. सुखरूप बाहेर पडलेले किंग आपली स्वस्तातली गिटार आणण्यासाठी पुन्हा आगीत शिरले आणि थोडक्यात बचावले. भांडण ल्युसिल नावाच्या एका स्त्रीवरून झाले होते, असे त्यांना दुसऱ्या दिवशी कळले. असा अविचार पुन्हा करायचा नाही, याची आठवण राहावी म्हणून त्यांनी त्यानंतरच्या आपल्या प्रत्येक गिटारला ल्युसिल हेच नाव दिले. १९८० मध्ये गिब्सनने ‘ल्युसिल’ बाजारात आणली, तेव्हा तिच्या तबलीवरील नेहमीची इंग्रजी ‘एफ’च्या आकाराची छिद्रे बुजवलेली होती. किंचाळी थांबवण्यासाठी किंग त्या छिद्रांत कापडाचे बोळे कोंबत असत. कापडाचा हा घरगुती उपाय कंपनीच्या कारखान्यात पक्का झाला.

येथे माझ्या मनातील पहिला प्रश्न सुटू लागला. या वाद्यांवर दिसते ते नुसते नाव नव्हे. त्या माणसाला बाजारात जे मिळाले नाही, त्याची ती नोंद आहे.

पडक्या शेकोटीचे लाकूड आणि आईची बटणे

या नोंदींपैकी सर्वांत हृद्य नोंद मला ब्रायन मे यांच्या ‘रेड स्पेशल’ची वाटते. लंडनजवळील फेल्टम येथे राहणाऱ्या या सोळा वर्षांच्या मुलाला फेंडर किंवा गिब्सन हवी होती. परंतु घरची स्थिती बेताची होती. वडील हॅरॉल्ड हे विमानांच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर काम करणारे आणि हाताने वस्तू बनवण्यात वाकबगार असे गृहस्थ. ऑगस्ट १९६३ मध्ये बापलेकांनी घरातील एका खोलीत स्वतःच गिटार बनवायला घेतली. सुमारे दोन वर्षे हे काम चालले.

दांडीसाठी लाकूड मिळाले ते शंभरहून अधिक वर्षे जुन्या शेकोटीच्या चौकटीचे. त्याला वाळवीची भोके होती. ती काड्यापेटीतील काड्यांनी बुजवली. अंगासाठी जुन्या टेबलाचे ओक लाकूड कामी आले. स्वर थरथरवण्याच्या यंत्रणेत जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा बसल्या. तिचा दांडा सायकलच्या पिशवीच्या अडकवणीचा, तर त्याचे टोक आईच्या विणकामाच्या सुईचे. पडद्यांवरील खुणेचे पांढरे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या बटणांतून घासून काढले. पिकअपही ब्रायन यांनी घरीच केले होते. परंतु तार ओढून स्वर चढवताना येणारा आवाज मनासारखा नव्हता, म्हणून तीन पिकअप तेवढे विकत आणले. एकूण खर्च सुमारे आठ पौंड.

लेस पॉल ज्या किंचाळीपासून पळत होते, ती ब्रायन यांना हवी होती. मात्र आपल्या ताब्यात असलेली, गाणारी. म्हणून त्यांनी अंगात मोजून पोकळी ठेवली. प्रत्येक पिकअपला स्वतंत्र कळा दिल्या आणि त्यामुळे असे काही ध्वनी हाती आले, जे दुकानातील कोणत्याही वाद्यात नव्हते. नखीऐवजी त्यांनी सहा पेन्सचे नाणे वापरले. त्याच्या दातेरी कडेमुळे स्वराला एक वेगळी धार येते. हे नाणे १९८० मध्ये ब्रिटनच्या चलनातून बाद झाले. परंतु ब्रायन यांच्या बोटांत त्याचे मूल्य आजतागायत टिकून आहे.

पुढे ‘क्वीन’ हा बँड स्थापन झाला. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला आणि आपल्या सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला पारशी मुलगा, फारोख बलसारा. बँडला यश मिळू लागले, तेव्हा ब्रायन खगोलभौतिकीत डॉक्टरेटसाठी संशोधन करत होते. ते अर्धवट सोडून त्यांनी संगीताचा मार्ग धरला. ज्या वडिलांनी दोन वर्षे खपून गिटार घडवली, त्याच वडिलांना हा निर्णय पटला नाही. बापलेकांत अबोला धरला गेला. मुलगा वाद्य वाजवतो याचे त्यांना दुःख नव्हते; मिळत असलेले स्थैर्य तो सोडतो, याची धास्ती होती. आपल्याकडील किती घरांत हा प्रसंग घडला असेल! काही वर्षांनी ब्रायन यांनी आई-वडिलांना कॉन्कॉर्ड विमानाने न्यूयॉर्कला नेले आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील तुडुंब भरलेला कार्यक्रम दाखवला. कार्यक्रम संपल्यावर वडिलांनी मुलाचा हात हाती घेतला आणि आता मला समजले, अशा अर्थाचे काही शब्द उच्चारले. ब्रायन यांनी ही आठवण अनेकदा सांगितली आहे.

३ जून २००२ रोजी, राणी एलिझाबेथ यांच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवात, बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून ब्रायन यांनी ब्रिटनचे राष्ट्रगीत वाजवले, ते याच शेकोटीच्या लाकडावर. अर्धवट राहिलेली डॉक्टरेट त्यांनी २००७ मध्ये इंपीरियल कॉलेजमधून पूर्ण केली. आज ‘रेड स्पेशल’च्या प्रतिकृती दुकानात मिळतात. त्यांतील बटणे अर्थातच कोणाच्या आईच्या डब्यातील नसतात.

व्यंगावर मात, भंगारातून सूर

टोनी आयोमी यांची कथा याहून कठोर आहे. बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात काम करताना, सतराव्या वर्षी, त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. ते डावखुरे वादक असल्यामुळे तारा दाबण्याचा हात हाच. त्या काळात दोनच बोटांच्या बळावर अजरामर झालेले गिटारवादक जँगो राइनहार्ट यांची ध्वनिमुद्रिका त्यांच्या वरिष्ठाने त्यांना ऐकवली आणि त्यांनी पुन्हा वाद्य उचलले. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यांनी बोटांसाठी टोपणे केली, वर चामडे चिकटवले. जाड तारा दाबवत नसत, म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूर खाली उतरवला. ‘ब्लॅक सबाथ’चा तो जड, गंभीर नाद आणि त्यातून उगवलेला ‘हेवी मेटल’ हा प्रकार यांच्या मुळाशी हा दुखरा हात आहे. त्यांच्या नावाची गिटारही गिब्सनने पुढे काढली.

कॅलिफोर्नियातील एडी व्हॅन हेलन यांनी सुमारे ५० डॉलरचे दुय्यम दर्जाचे अंग आणि ८० डॉलरची दांडी जोडून आपली गिटार तयार केली. एका जातीच्या गिटारचा आवाज त्यांना दुसऱ्या जातीच्या अंगात हवा होता, म्हणून त्यांनी लाकूड कोरून त्यात परका पिकअप बसवला. चिकटपट्ट्या लावून रंगाचे पट्टे ओढले. स्वर थरथरवणारी यंत्रणा नीट टेकावी म्हणून खाली १९७१ सालचे पाव डॉलरचे नाणे स्क्रूने ठोकले. ठिगळे लावलेल्या या वाद्याला ‘फ्रँकन्स्टाइन’ असे नाव पडले. २००७ मध्ये फेंडर कंपनीने त्याच्या ३०० हुबेहूब प्रती काढल्या. प्रत्येक ओरखडा, सिगारेटचा प्रत्येक डाग आणि १९७१ सालचे नाणेसुद्धा त्यांत होते. किंमत होती २५,००० डॉलर! १३० डॉलरच्या काटकसरीची ही प्रतिमा पाहून हसावे की विचारात पडावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सतारीशी नाते

हे सारे परक्या मुलुखातले, असे वाटण्याचे कारण नाही. १९६७ मध्ये न्यूयॉर्कचे वादक व्हिन्सेंट बेल यांच्या कल्पनेतून ‘कोरल इलेक्ट्रिक सितार’ निघाली. रविशंकरांच्या सतारीने पाश्चात्त्य श्रोते तेव्हा भारावले होते. परंतु सतारीची साधना वर्षानुवर्षांची. गिटारवादकाला गिटारसारखेच वाजवता यावे आणि तरी सतारीची गुंज यावी, म्हणून बेल यांनी रुंद, सपाट घोडी बसवली आणि बाजूला तेरा तरफा ताणल्या. तार घोडीवर हलकेच घासून उमटणारी ती गुंज म्हणजे आपल्या कारागिरांची ‘जवारी’च. जवारी काढण्याची कला ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

आपल्याकडे वाद्यावर कलावंताची स्वाक्षरी कोरण्याची पद्धत नसली, तरी प्रकार तोच आहे. सतार घेणारा आजही ‘रविशंकर पद्धतीची’ की ‘विलायत खाँ पद्धतीची’ असे सांगतो. रविशंकरांना खर्जाच्या खोल तारा हव्या होत्या; विलायत खाँसाहेबांना गळ्यातून निघावी तशी मींड हवी होती, म्हणून त्यांनी तारांची मांडणी बदलून घेतली. जयपूरचे पंडित विश्वमोहन भट्ट यांनी तर गिटारलाच तरफा चढवून ‘मोहन वीणा’ सिद्ध केली आणि राय कूडर यांच्यासह १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळवला. येथेही आधी अडचण, मग वाद्य आणि शेवटी नाव, हाच क्रम दिसतो.

खरेदीदारासाठी चार शब्द

बँकेच्या पत्रिकेत पैशाविषयी न लिहिणे योग्य होणार नाही. एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात, हे ध्यानात ठेवावे. पहिली, कलावंताने प्रत्यक्ष वाजवलेली गिटार. एरिक क्लॅप्टन यांची ‘ब्लॅकी’ जून २००४ मधील लिलावात ९,५९,५०० डॉलरला गेली आणि ती रक्कम त्यांनी स्थापन केलेल्या व्यसनमुक्ती केंद्राला मिळाली. दुसरी, मोजक्या संख्येतील प्रतिकृती. २००६ मध्ये ‘ब्लॅकी’च्या २७५ प्रती प्रत्येकी २४,००० डॉलरला निघाल्या. तिसरी, कारखान्यात नित्य तयार होणारी स्वाक्षरीची गिटार. क्लॅप्टन यांच्या नावाची अशी गिटार फेंडरने १९८८ मध्ये प्रथम आणली. सामान्य रसिकाच्या आवाक्यात असते ती ही तिसरी, किंवा मूळ कंपनीच्या स्वस्त नाममुद्रेखाली निघणारी तिची धाकटी बहीण.

गुंतवणूक म्हणून अशी वाद्ये घेण्यापूर्वी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. १९५८ ते १९६० या काळातील लालसर-पिवळ्या झाकेच्या लेस पॉल गिटार आज लाखो डॉलरना विकल्या जातात. पण त्या दुर्मिळ झाल्या त्या त्या वेळी फारशा खपल्या नाहीत म्हणून. गिब्सनची बाणाच्या आकाराची ‘फ्लाइंग व्ही’ही १९५८ मध्ये आली, तेव्हा पहिल्या फेरीत शंभरही विकली गेली नाही. ही टंचाई कोणी ठरवून केलेली नव्हती. ‘मर्यादित आवृत्ती’ असे छापून निर्माण केलेली टंचाई तशीच फळेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

आणि वाजवण्यासाठी घेत असाल, तर नावाआधी माप पाहावे. फेंडरच्या बहुतेक गिटारमध्ये तारेची कंप पावणारी लांबी साडेपंचवीस इंच असते, गिब्सनमध्ये पावणेपंचवीस, तर ‘रेड स्पेशल’मध्ये चोवीस. लांबी कमी तितका तारेचा ताण कमी आणि पडदे जवळ. लहान हाताला हे सोयीचे. लेस पॉल गिटार चार किलोच्या आसपास भरते. तासभर उभे राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला हे वजन जाणवते. दुसऱ्याच्या हातासाठी केलेले वाद्य आपल्या हातात बसते का, हे दुकानातच, सावकाश वाजवून ठरवावे. नाव कितीही मोठे असले तरी हात आपलाच असतो.

शिलाँग सोडण्यापूर्वी त्या तरुणाचे निमंत्रण मी पाळले. लहानशा घरात, पावसाच्या आवाजात, त्याने तासभर वाजवले. त्याचे वडील दाराशी उभे राहून ऐकत होते. वाजवणे संपल्यावर मी गिटार हातात घेऊन पाहिली. माथ्यावर लेस पॉल यांची वळणदार स्वाक्षरी होती. पण माझे लक्ष गेले ते खालच्या कडेकडे. जेथे मनगटाच्या वरचा भाग टेकतो, तेथे तपकिरी चामड्याची एक पट्टी नीट चिकटवलेली होती.

“कड टोचायची, सर. बाबांच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा आहे. त्यांनीच कापून बसवला.”

मी त्या पट्टीवरून बोट फिरवले. दुकानातून आलेल्या त्या वाद्यावर, मूळ स्वाक्षरीच्या हातभर खाली, दुसरी स्वाक्षरी उमटू लागली होती. तिचा नमुना कोणत्याही शाखेच्या दप्तरी नव्हता. परंतु ती कोणाची, हे ओळखायला मला क्षणभरही लागला नाही.